दुनळीच्या नळीत चिकटलेलं शिसं काही केल्या निघत नाहीये, काय करू?

गौरी_माहीम

नमस्कार मंडळी. बाबांच्या पश्चात त्यांच्या बाराबोअर दुनळीचा परवाना रीतसर माझ्या नावावर झालाय आणि बंदूक आता घरी आलीये. बर्मिंगहॅमची वेब्ली अँड स्कॉट, शेजारी शेजारी दोन नळ्यांची. बाबा तिला फार जपायचे, पण शेवटची काही वर्षं आजारपणात गेली आणि साफसफाई राहूनच गेली.

नळ्या उतरवून ट्यूबलाइटकडे धरून बघितलं तर उजव्या नळीत चेंबर (काडतूस बसतं तो भाग) संपल्यावर लगेच, साधारण चार बोटं लांबीचे राखाडी पट्टे दिसतात. तोंडाकडे चोक (नळी किंचित अरुंद होते तो भाग) सुरू होतो तिथेही तसंच. डाव्या नळीत सुरुवातीला काळपट ठिपके आहेत, पट्टे कमी. नायलॉनचा ब्रश झाला, बंदुकीचं तेल झालं, जुन्या सुती साडीच्या चिंध्या झाल्या. आता चिंधी पांढरी निघते पण पट्टे जागचे हलत नाहीत.

हे शिसंच आहे ना? आणि नळीला ओरखडा न पडता कसं काढायचं? मला ही बंदूक शोभेला ठेवायची नाहीये, रेंजवर जाऊन क्ले पिजन (हवेत उडवलेल्या तबकड्या फोडायचा खेळ) शिकायचंय. जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

चाळकरी

पितांबरी. आमच्याकडे गणपतीची समई त्यानेच लखलखते :)

वाचतोय, यातलं काही कळत नाही पण धागा भारी आहे.

ट्रॅपशूटर_मुलुंड

नायलॉनच्या ब्रशने शिसं निघत नाही ताई, तो फक्त तेल पसरवतो. फॉस्फर ब्रॉन्झचा ब्रश हवा, बाराबोअरच्या मापाचा, आणि तो नळीत घट्ट जायला हवा. सहज आतबाहेर होत असेल तर झिजलेला समजा आणि टाकून द्या. गज एका तुकड्याचा असेल तर उत्तम. तीन तुकडे जोडून होणारा गज असेल तर सांध्याची कड आत घासत नाही ना ते बोट फिरवून बघा. ब्रश नेहमी मागून म्हणजे चेंबरकडून घालायचा आणि तोंडातून पूर्ण बाहेर काढायचा, मध्येच उलटा ओढायचा नाही.

आणि चाळकरी, पितांबरी नको, गंमतीतही नको. पितळ तांबं उजळवायची पावडर ती, बंदुकीच्या पोलादाला आणि ब्लूइंगला (पोलादावरच्या निळसर काळ्या थराला) तिचं काय काम.

नागदेवीचा_नाना

सगळ्यात सोपा उपाय सांगतो. आमच्या नागदेवी स्ट्रीटवर कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे चार शून्यवाली स्टील वूल मागा, म्हणजे सगळ्यात बारीक. जुन्या ब्रशवर गुंडाळा, गजाचा तुकडा ड्रिल मशीनला लावा, तेल टाका आणि हळू स्पीडवर फिरवा. पाच मिनिटांत आरसा. मी कित्येकांना करून दिलंय.

निवृत्त_आर्मरर

नाना, स्टील वूलचं बरोबर, ड्रिलचं नाही. सविस्तर लिहितो, कारण गौरीताईंच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये.

आधी ते काय आहे ते ओळखा. नळीत चार गोष्टी बसतात: दारूची काजळी, वॅडचं (काडतुसात दारू आणि छर्रे यांच्या मधल्या बुचाचं) प्लास्टिक, शिसं आणि गंज. काजळी तेलाने आणि चिंधीने जाते, तुमची गेलीये. प्लास्टिक असेल तर ब्रॉन्झच्या ब्रशबरोबर पातळ पापुद्रे किंवा दोरे निघतात. शिसं असेल तर असं करा: ब्रॉन्झचा ब्रश तेलात भिजवून दहाबारा वेळा मारा, मग पांढऱ्या फ्लॅनेलची चिंधी एकदाच आरपार ढकला आणि उन्हात उलगडून बघा. काळ्या तेलात चंदेरी कपच्या चमकताना दिसतील, काही नखाच्या टोकाएवढ्या, चिमटीत धरल्या तर कथलाच्या कागदासारख्या वाकतील. ते शिसं. चिंधीवर तांबूस रंग आला तर गंज. आणि काहीच आलं नाही, डाग मात्र तिथेच, तर तो डाग नाही, खड्डा आहे. पोलाद तिथून आधीच गेलेलं आहे.

तुमच्या वर्णनावरून उजवीकडे शिसं आहे आणि डाव्या नळीतले काळपट ठिपके बहुतेक खड्डे आहेत. जागाही तेच सांगतात. चेंबरपुढे नळी निमुळती होते तो फोर्सिंग कोन आणि तोंडाशी चोक, या दोन ठिकाणी छर्‍यांचा गठ्ठा आवळला जातो, कडेचे छर्रे भिंतीला घासतात आणि शिसं मागे सोडतात. जुन्या कागदी काडतुसांत फेल्टचा वॅड असायचा, छर्‍यांभोवती काहीच नाही, म्हणून जुन्या बंदुकांत हे जास्त. १९६० च्या दशकात प्लास्टिकच्या पेल्यात छर्रे बसवायला लागले तेव्हापासून शिसं कमी झालं आणि प्लास्टिक चिकटायला लागलं.

काढायचं कसं. रात्री चेंबरच्या बाजूने चांगलं घट्ट बूच बसवा, नळीत पेनिट्रेटिंग ऑइल ओता, पट्ट्यांच्या वर येईल इतकं, आणि नळी बुचावर उभी करून ठेवा. तेल शिसं विरघळवत नाही, पण शिसं आणि पोलाद यांच्या मधल्या फटीत शिरतं. सकाळी तेल काढा, जुन्या ब्रशवर चार शून्यवाली वूल किंवा तांब्याची जाळी गुंडाळा, घट्ट बसेल इतपत, आणि फक्त पट्ट्यांच्या जागी हाताने छोटे छोटे झटके द्या, मधूनमधून गज फिरवत. मग चिंधी, मग बघा, मग पुन्हा. एका बैठकीत संपवायची घाई नको.

ड्रिल का नको: मशीनवर गज मध्येच लचकतो आणि फिरता फिरता नळीच्या भिंतीवर आपटतो, तोंडाशी तर हमखास. हाताला जो अडथळा जाणवतो तो मशीनला जाणवत नाही. शिसं संपलं तरी मशीन घासतच राहतं आणि मग पोलाद जातं.

नागदेवीचा_नाना

काका आदर ठेवून सांगतो, हळू स्पीड आणि लाकडी गज असेल तर काही होत नाही. परदेशातही भरपूर लोक करतात.

निवृत्त_आर्मरर

करतात, जाड नळीच्या नव्या बंदुकांवर. ही जुनी इंग्लिश दुनळी आहे, नळ्या मुळात पातळ. इंग्लंडच्या प्रूफच्या (नळी दाब सोसते का याच्या अधिकृत चाचणीच्या) जुन्या नियमात नळीचा व्यास शिक्क्यावरच्या मापापेक्षा दहा हजारांश (०.०१०) इंचाने वाढला की बंदूक प्रूफबाहेर धरायचे. बाराबोअरचं ठरलेलं माप ०.७२९ इंच म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. दहा हजारांश इंच म्हणजे पाव मिलिमीटर. एवढी कमी जागा आहे आपल्या हातात. या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही नाना.

रसायनवाला

काकांच्या मुद्द्याला थोडी पुस्ती. शिसं खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर दीडच्या आसपास, तांबं तीनच्या आसपास, नळीचं पोलाद त्याहून बरंच वर. म्हणजे तांबं किंवा ब्रॉन्झ शिशाला खरवडतं पण पोलादाला नाही, सगळी गंमत या मधल्या जागेत आहे. तांब्याची जाळी घेताना लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा आहे, ती घेऊ नका. भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी तर अजिबात नको, ती खूप कडक असते.

आता एक कळकळीची विनंती. नेटवर कोणीतरी तुम्हाला व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड समान प्रमाणात मिसळून नळीत ओता असं सांगेल. शिसं खरंच जातं त्याने, डोळ्यांदेखत फेस येतो. पण जातं कुठे? त्याचं लेड अॅसिटेट होतं, पाण्यात विरघळणारं विष. धातूच्या कपचीपेक्षा ते शरीरात कितीतरी सहज जातं. वर ते मिश्रण पोलादही खातं आणि ब्लूइंगही उडवतं. जुन्या लोकांचा पारा फिरवायचा प्रकारही असाच, पारा शिशाला धरतो हे खरं, पण घरात पाऱ्याची वाफ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आणि तांबं काढायची अमोनियावाली सॉल्व्हंट्स शिशावर काही करत नाहीत, ती रायफलवाल्यांसाठी. पैसे वाया घालवू नका.

कोकणी_मेवा

आमच्याकडे गावाला पीक संरक्षणाच्या परवान्यावर एकनळी आहे, डुक्कर आणि माकडांनी नुसता उच्छाद मांडलाय. आमचे आजोबा नळीत रॉकेल ओतून ठेवायचे आणि गजाला काथ्या गुंडाळून घासायचे. मग वरून खोबरेल. ती नळी अजून चकचकीत आहे. एवढी सॉल्व्हंटं बिल्व्हंटं कशाला?

ट्रॅपशूटर_मुलुंड

रॉकेल पेनिट्रेटिंग ऑइलचंच काम करतं, त्यात चूक काही नाही. टर्पेंटाइनही जुन्या इंग्लिश लोकांचा आवडता, रंगाच्या दुकानात मिळतं. पण दोन्ही उडून गेलं की नळी कोरडी राहते आणि मुंबईत कोरडी नळी म्हणजे दुसऱ्या दिवशी गंज, म्हणून शेवटी तेलाचा हात हवाच. खोबरेल मात्र नको वाटतं मला, ते काही महिन्यांनी चिकट होतं आणि त्यात धूळ बसते.

कोकणी_मेवा

आमचं नाही झालं चिकट. पण आम्ही दर आठवड्याला पुसतो, त्यामुळे असेल.

पावसाळी

मुंबईत खरा शत्रू शिसं नाहीच, हवा आहे. समुद्राची खारी हवा आणि जुलैचा दमटपणा, नळीत बारीक खड्डे पडतात आणि मग शिसं त्या खड्ड्यांत जाऊन बसतं. गुळगुळीत नळीत शिसं कमी चिकटतं. म्हणून एकदा साफ केलं आणि पुन्हा दोन रेंजमध्ये पट्टे आले तर ब्रशला दोष देऊ नका.

माझा अनुभव सांगतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा करावी लागली होती, कुठे केली ते लिहीत नाही. ऐन पावसात परत मिळाली तेव्हा कॅनव्हासच्या कव्हरमध्येच होती, कव्हर ओलं, आणि नळीत तांबूस लव आलेली. फार वाईट वाटलं, कारण दिली तेव्हा नळी आरशासारखी होती. तेव्हापासून जमा करताना नळीत ग्रीसचा जाड थर देतो, कव्हर न देता तेलकट कापडात गुंडाळून देतो आणि पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून मागतो. सगळ्यांनी हे करावं असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टर_परळ

बंदुकीतलं मला कळत नाही पण शिशातलं कळतं. हे काम स्वयंपाकघरात किंवा जेवायच्या टेबलावर करू नका. कोरडं घासू नका, ओलं घासा, म्हणजे धूळ उडत नाही. हातात नायट्राइलचे मोजे, खाली जुने पेपर, आणि काम झाल्यावर चिंध्या, वूल, पेपर सगळं एका पिशवीत बांधून टाका. हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कपही उचलू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर बाल्कनीत करा आणि ते कपडे वेगळे धुवा. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. मेंदूवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही.

आडवाटे

मग शिसंच नको ना! स्टीलचे छर्रे वापरा. युरोपियन युनियनने पाणथळ जागांत शिशाचे छर्रे २०२३ पासून बंद केलेत, अमेरिकेत बदकांच्या शिकारीला १९९१ पासूनच बंद आहेत. पक्षी ते टिपून खातात आणि मरतात.

निवृत्त_आर्मरर

पक्ष्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण या बंदुकीत स्टीलचे छर्रे घालायचे नाहीत, हे ठळक अक्षरात वाचा गौरीताई. शिसं चोकमध्ये दबतं, स्टील दबत नाही. जुन्या आवळ चोकच्या पातळ नळीला तोंडाशी कड्यासारखा फुगवटा येतो आणि तो दुरुस्त होत नाही. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदच आहे, रेंजवर क्ले पिजनच्या तबकड्या फोडायच्या तर शिसंच राहणार. ऑलिंपिकमध्येही २४ ग्रॅम शिशाचंच काडतूस वापरतात.

ट्रॅपशूटर_मुलुंड

काका काडतुसांचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. ताई, चेंबर किती इंची आहे ते बघितलंत का?

गौरी_माहीम

नाही. ते कुठे कळतं?

ट्रॅपशूटर_मुलुंड

नळ्या उतरवल्या की खालच्या सपाट बाजूला प्रूफचे शिक्के दिसतील. १९२५ नंतरच्या इंग्लिश बंदुकांवर चेंबरची लांबी कोरलेली असते. अडीच इंच लिहिलं असेल तर आजची ७० मिलिमीटरची काडतुसं त्यात घालू नका. फसगत अशी की ती आत सहज बसतात, कारण न उडवलेलं काडतूस दुमडलेलं असल्यामुळे आखूड असतं. बार झाला की तोंड उघडतं आणि ते थेट फोर्सिंग कोनमध्ये जाऊन वाट अडवतं. दाब वाढतो. ६५ मिलिमीटरचीच लागतील.

आणि अडलेल्या वाटेतून छर्रे घुसले की शिसंही जास्त घासतं. तुमच्या बाबांनी शेवटी कुठली काडतुसं वापरली ते घरात खोकी असतील तर बघा, छर्‍यांचा नंबर वाचा. आठ नंबर असेल तर ठीक, पण एलजी एसजी सारखे मोठे छर्रे असतील तर ते रेंजवर चालत नाहीत.

चाळकरी

मी समईपासून सुरुवात केली होती, आता मला बर्मिंगहॅमचे शिक्के पाठ झाले :)

सायन_ते_सीएसटी

एक बाळबोध शंका. नळी गॅसवर तापवली तर शिसं वितळून बाहेर पडणार नाही का? शिसं तर लगेच वितळतं.

रसायनवाला

शिसं ३२७ अंशाला वितळतं. पण दोन नळ्यांच्या मधली पट्टी मऊ झाळेने जोडलेली असते आणि तशी झाळ १८३ अंशापासूनच सुटायला लागते. शिसं सुटायच्या आधी बंदूक सुटेल. शिवाय स्वयंपाकघरात शिशाचा धूर. कृपया कोणीही करू नका.

नागदेवीचा_नाना

ड्रिलचं राहू दे, काकांचा मान. पण एक पुरवणी माझ्याकडून. वूल वापरल्यावर तिचे बारीक तंतू नळीत राहतात, विशेषतः एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं काडतूस बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) खाचेत. डोळ्याला दिसत नाहीत, पण पावसाळ्यात तेच आधी गंजतात आणि लोक म्हणतात नळी गंजली. म्हणून शेवटी लोहचुंबक एकदा फिरवा आणि टूथब्रशने खाच झटका. ताई दुकानात आलात तर वूल मी देईन, पैसे नकोत.

निवृत्त_आर्मरर

हे नानांनी लाखाचं सांगितलं. लिहून घ्या.

गौरी_माहीम

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देते.

नानांकडून वूल आणली, काकांनी सांगितल्याप्रमाणे बूच लावून रात्रभर तेलात ठेवली. सकाळी बाल्कनीत, मोजे घालून, फ्लॅनेलची पहिली चिंधी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर खरंच चंदेरी कपच्या होत्या, एक तर करंगळीच्या नखाएवढी लांब आणि नळीच्या गोलाईचा बाक तसाच घेऊन आलेली. ती वाकवून बघितली, वाकली. मग तेच करत राहिले आणि उजव्या नळीतला चेंबरपुढचा भाग आता स्वच्छ आहे, ट्यूबलाइटची रेघ आत सरळ दिसते. चोकपाशी थोडं उरलंय.

डाव्या नळीत मात्र काका म्हणाले तेच. चिंधीवर काही नाही आणि ठिपके जागेवर.

शिक्के पण बघितले. अडीच इंच आहे. कपाटात ७० मिलिमीटरचं अर्धं खोकं मिळालं, ते बाजूला काढून ठेवलंय.

निवृत्त_आर्मरर

शाब्बास. चोकपाशी ब्रॉन्झ आणि तेल एवढंच, वूलचा जोर तिथे नको. चोकचं माप फार थोड्या हजारांशांत असतं आणि छर्‍यांचा झोत त्यावर ठरतो. थोडं शिसं राहिलं तरी चालेल, रेंजवर काही बिघडत नाही.

डाव्या नळीतले खड्डे घासून काढायचा विचारही करू नका. कोणी होनिंग (नळी आतून घासून गुळगुळीत करणं) करून देतो म्हणालं तर आधी भिंतीची जाडी मोजून मागा. बार करायच्या आधी परवानाधारक बंदूकवाल्याकडून दोन्ही नळ्यांची जाडी, खड्ड्यांची खोली आणि बंदूक मिटल्यावर नळ्या जागी घट्ट बसतात का ते तपासून घ्या. खड्डे चेंबरजवळ आहेत आणि दाब सगळ्यात जास्त तिथेच असतो, म्हणून हे टाळू नका. तो नाही म्हणाला तर नाहीच. आणि ते ७० मिलिमीटरचं खोकं घरी ठेवण्यापेक्षा त्याचं रीतसर काय करायचं तेही त्यालाच विचारा.

पावसाळी

आणि ठेवताना नळी तोंड खाली करून उभी ठेवा ताई. तोंड वर असलं की तेल हळूहळू दस्त्याच्या लाकडात उतरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या पिशवीत तर मुंबईत कधीच नाही. बंद कपाट, सिलिका जेल, आणि दाणे रंग बदलले की तव्यावर नाही, ओव्हनमध्ये सुकवा.

गौरी_माहीम

बंदूकवाल्याकडे शनिवारी जातेय. नळीची जाडी कुठल्या यंत्राने मोजतात आणि किती असली म्हणजे ठीक, म्हणजे त्याच्यासमोर मला नीट विचारता येईल?

निवृत्त_आर्मरर

वॉल थिकनेस गेज म्हणतात त्याला, लांब दांड्याचं असतं, नळी त्यावर सरकवत जायची. वीस हजारांश (०.०२०) इंच म्हणजे अर्धा मिलिमीटर, नळीच्या पुढच्या भागात यापेक्षा पातळ कुठेही नको. चेंबरकडे नळी बरीच जाड असायला हवी. एकाच जागी नाही, गोल फिरवून चारी बाजूंनी मोजायला सांगा, कारण जुन्या नळ्या एका अंगाने पातळ निघतात. आकडे कागदावर लिहून घ्या आणि इथे टाका.